वासापुरती खीर

रविवारी सकाळी ओव्हाळांच्या घरात चहाच्या आधी बोट टोचायचं, असा नेम होता. महिन्यातून दोनदा. बोट सुजाताचं, वय वर्षं सहा. टोचणारा तिचा बाप नागसेन, वरवंडातला रंगारी. आणि पोरीला मांडीवर घेऊन बसणारी तिची आजी सोजरबाई, जी चैत्रात न्हावऱ्याहून लेकीकडे राहायला आली होती. लेक गौतमी त्या वेळी घरात नसे. कुरकुंभच्या औषधाच्या कंपनीची बस तिला सव्वासहाला हायवेवरून उचलून नेई.

सोजरबाई पातेल्यात पाणी कोमट करी आणि पोरीचा हात त्यात बुडवून ठेवी. हात गरम झाला की रक्त लवकर येतं.

"दुखनार न्हाई गं. मुंगी चावती तेवढंच."

"आजी, तू दरवेळी खोटं बोलतीस," सुजाता म्हणे आणि डोळे घट्ट मिटून घेई.

नागसेन साबणानं कोपरापर्यंत हात धुई. नखांत बसलेला डिस्टेंपरचा रंग काडीनं काढी. मग बोटाच्या कडेला सुई टेकवून खटका दाबी. पोर अंग चोरी, आजी तिला छातीशी धरी, आणि बोटावर रक्ताचा मणी फुगून येई. पुण्याहून आलेल्या जाड कागदाच्या कार्डावर पाच गोल छापलेले असत. एकेका गोलात एकेक थेंब पडू द्यायचा, कार्ड सावलीत आडवं ठेवून वाळवायचं, पाकिटात घालायचं आणि सोमवारी सकाळी कुरिअरला द्यायचं.

नागसेनचा हात मोठा निगुतीचा. अख्ख्या वरवंडात त्याच्या हाताखालची भिंत ओळखू येते, कुठं डाग नाही, कुठं ओघळ नाही. हे काम तो तसंच करी. थेंब पसरून गोल फिका दिसला, कडेला जरा पांढरं राहिलं, की बोट पुन्हा दाबून त्याच गोलावर आणखी एक थेंब सोडी. एखाद्या गोलाला तिसराही. पाची गोल गडद, भरीव, एकसारखे झाले की कार्ड लांब धरून बघे.

"बघा मामी. कसं झालंय?"

"झ्याक झालंय जावयबापू," सोजरबाई म्हणे.

नागसेन तिच्या नवऱ्याच्या बहिणीचा पोरगा. लहानपणी तिनंच त्याच्या पाठीत धपाटे घातलेले. पण लेक दिल्यापासून अरेचं अहो झालं होतं. दोघांनाही त्याचं हसू येई, पण रीत ती रीत.

सुजाताच्या आजाराला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. घरात कुणी ते घेत नसे, 'सुजूचं' एवढंच म्हणत. दूध, डाळ, अंडं, मटण, शेंगदाणे यांत ताकद देणारं जे असतं, त्यातला एक भाग या पोरीच्या अंगात जिरत नाही. तो रक्तात साठतो आणि मेंदूला चढतो. म्हणून हे सगळं बंद. गहू, ज्वारी, बाजरी बंद. भात मोजून, बटाटा मोजून, दुधी-दोडका पोटभर आणि साबुदाणा हवा तेवढा. शिवाय पुण्याची पावडर दिवसातून तीनदा, जिला भिजलेल्या गोणपाटासारखा वास येई आणि जी सुजाता नाक दाबून पिई. कार्डावरच्या रक्ताचा आकडा सहाच्या आत राहिला तर पोर चारचौघींसारखी वाढणार होती. तो सतत वर राहिला तर काय होतं, हे या घराला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

सोजरबाईचा थोरला, भिमा. जन्मला तेव्हा गोरापान, भुऱ्या केसांचा. वाडीतल्या बाया म्हणायच्या, सोजरे, साहेब जन्माला आला गं तुझ्या पोटी. हा साहेब तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. पाचव्या वर्षी फिट यायला लागल्या. अंगाला कायम एक उंदरासारखा वास, कितीही न्हाऊ घाला. सोजरबाईनं त्याच्या अंगात ताकद यावी म्हणून काय काय नाही केलं! स्वतः कोरा चहा पिऊन त्याला म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं. दुसऱ्याच्या रानात खुरपून अंडी आणली, घास घास भरवला. "खा माझ्या राजा, खा," म्हणत भरवला. एकोणिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हाही त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं.

गौतमी त्याची धाकटी बहीण. आपली पोर दोन महिन्यांची असताना एकदा तिला छातीशी घेतलं आणि नाकात तोच वास आला. ती तशीच उठून पुण्याला गेली. म्हणून सुजाता वाचली. तिथल्या डॉक्टरांनी भिमाचं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच सांगितलं की त्याला जे ताकदीचं म्हणून चारलं, तेच त्याला बाधलं. गौतमीनं हे आईला सांगायला नको होतं. पण तिनं सांगितलं.

त्या दिवसापासून सोजरबाईच्या तोंडून कुठल्याच पोराला 'खा' हा शब्द निघाला नाही. नातीनं दुधीचा तुकडा मागितला तरी ती म्हणे, "आईला इचार." आई कंपनीत असली तर फ्रीजवर चिकटवलेल्या यादीशी नेऊन उभं करी. तिला वाचता येत नव्हतं. सुजाता बोट ठेवून एकेक अक्षर लावी आणि आजी मान डोलावी.

बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि खिरीचं पातेलं उघडलं. आख्खी वस्ती पांढऱ्या कपड्यांत. बुद्धाला खीर देणाऱ्या सुजाताचं नाव, आणि हिलाच खिरीला बंदी. नाव ठेवलं तेव्हा कुणाला काय माहीत होतं? पोर आजीचा पदर धरून उभी होती. पळी वर आली की तिची मान वर, पळी खाली गेली की मान खाली.

वाढायला जाईबाई होती. शेजारचीच. "घ्या सोजरबाई. आज न्हाई म्हनू नये," म्हणून तिनं कागदी वाटी हातात ठेवली.

विहाराच्या दारात उभं राहून नाही कसं म्हणायचं? सोजरबाई वाटी पदराखाली झाकून नातीला घेऊन तडक घराकडे निघाली. पोर उड्या मारत मागं. घरात आल्यावर ती हळूच म्हणाली, "आजी, मी खानार न्हाई. निस्ता वास घेऊ दे."

सोजरबाईनं दाराकडे बघितलं. मग उकिडवी बसली आणि वाटी पोरीच्या नाकाशी धरली. सुजातानं डोळे मिटून वास घेतला. वेलदोड्याचा, आटलेल्या दुधाचा, गुळाचा. पुन्हा घेतला. तिची छाती भरून वर आली आणि ती तशीच थांबली, जणू श्वास सोडला तर खीर जाईल.

"पुरं आता," सोजरबाई म्हणाली. तिनं खीर मोरीत ओतली, वर तांब्याभर पाणी टाकलं आणि कागदी वाटी चुरगाळून चुलाणात घातली. तिनंही त्यातलं बोटभर चाटलं नाही.

पुढच्या रविवारी बोट टोचलं. कार्ड गेलं. आठवड्यानं पुण्याहून आहारवाल्या सीमा मॅडमचा मेसेज आला. सात पॉइंट आठ.

गौतमीनं तो बसमध्येच वाचला. मागचा सात पॉइंट चार आला होता, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या की एखाद्या वेळी होतं, लक्ष ठेवा. त्याआधी सहा वर्षं आकडा पाचाच्या आसपास. गौतमी कंपनीत गोळ्यांच्या पॅकिंगला होती. तिथं एखादी बॅच नापास झाली की सुपरवायझर पहिला प्रश्न विचारी, लाईनीवर नवीन काय आलं? माल नवीन का माणूस नवीन? हायवेवर उतरेपर्यंत तिनं तोच प्रश्न स्वतःच्या घराला विचारला होता. माणूस नवीन होतं.

खरं तर चैत्रात दोन गोष्टी बदलल्या होत्या. गौतमीची दुपारची शिफ्ट जाऊन सकाळची कायमची झाली, म्हणून आई आली, आणि म्हणूनच बोट टोचायचं काम तिच्याकडून नवऱ्याकडे गेलं. तिची सुट्टी गुरुवारी. गुरुवारी रक्त घेतलं तर पाकीट शनिवार-रविवार पुण्यात पडून राही. पण नवऱ्याच्या हाताबद्दल शंका घ्यावी, असं त्या हाताकडे बघून कुणालाच वाटलं नसतं.

घरात येऊन तिनं डबा ओट्यावर आपटला. नागसेन दारात ब्रश धूत होता. सोजरबाई नातीची वेणी घालत होती.

"आई, खरं सांग. पुनवेला खीर घेतली व्हतीस?"

"घेतली."

"जाईबाई म्हनली मला. पदराखाली झाकून घराकडं गेली म्हनून. मग खाल्ली कुनी?"

"कुनीबी न्हाई. मोरीत वतली."

"विहारातली खीर तू मोरीत वतली?"

सोजरबाईचे हात वेणीवर थांबले. "तिनं निस्ता वास घेतला. म्हनली, आजी वास घेऊ दे. मी घेऊ दिला. एवढंच झालं गौतमे."

"मी निस्ता वास घेतला आई," सुजाता म्हणाली.

"तू गप. तुलाबी शिकवलंय व्हय हिनं?"

"गौतमी," नागसेन दारातून म्हणाला, "मामी तसं करायच्या न्हाईत."

"मग आकडा कशानं चढला? सांगा की! भात मी मोजते, बटाटा मी मोजते. आठ तास घरात कोन असतं?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. पहाटेपासून ताटकळलेलं अंग, डोक्यात तो आकडा आणि डोळ्यांपुढे भिमाची मान टाकून बसलेली आकृती. माणूस अशा वेळी जे बोलायचं नाही तेच बोलतं. "दादाला खाऊ घालून घालून घालवलंस. आता माझ्या पोरीच्या मागं लागलीस?"

नागसेनच्या हातातला ब्रश बादलीत पडला.

सोजरबाईनं वेणीचा शेवटचा पेड घातला, रिबीन बांधून तिचं फूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक बसनं गेल्यावर तिनं पिशवी भरली. नागसेननं तिला गाडीवरून चौफुल्यापर्यंत सोडलं, कारण मामी थांबायचं नाव घेईना. न्हावऱ्याची एसटी लागली होती.

"बोलली ती, पन मनात न्हाई तिच्या," नागसेन म्हणाला.

"खरं बोलली. त्यात काय वंगाळ बोलली?" सोजरबाईनं पिशवी खांद्याला लावली. मग पायरीवर एक पाय ठेवून वळली. "जावयबापू, वासानं चढत आसंल का हो?"

"काय?"

"काय न्हाई. पोरीला जपा."

एसटी भीमेचा पूल ओलांडून शिरूरच्या हद्दीत गेली. सोजरबाईला सगळा रस्ताभर त्या वाटीचाच वास येत होता. आपण पोरीच्या नाकाशी ती किती वेळ धरली, याचा ती हिशेब करीत होती.

न्हावऱ्यात कांदे साठवणीच्या चाळीत भरून झाले होते आणि आता सडके निवडायचं काम चालू होतं. सोजरबाई दुसऱ्याच दिवसापासून बागायतदार इंद्रजीतरावांच्या चाळीवर जायला लागली. गोणपाटावर फतकल मारून बसायचं, कांदा हातात घेऊन दाबून बघायचा, मऊ लागला की बाजूला. सडक्या कांद्याचं पाणी बोटांच्या चिरांत जाई आणि झोंबे. डोक्यावर पत्रा तापलेला.

"लौकर आलीस गं लेकीकडनं?" बाया विचारत.

"लई उकडतं तिकडं," ती म्हणे. वरवंड आणि न्हावऱ्यात उन्हाचा असा काय फरक? बाया एकमेकींकडे बघून कांदे दाबू लागत.

संध्याकाळी नागसेन घरी आला की सुजाता त्याचा फोन घेऊन आजीला लावी. गौतमी घरात असली की ओट्याशी पाठ करून उभी राही, पण नळ बंद करी, म्हणजे तिकडचं ऐकू येईल.

"आजी, कवा येनार?"

"कांदं झाल्यावर."

"किती ऱ्हायलेत?"

"लई हायत गं बाय."

"आजी, माझा भात निम्मा केला. बटाटा बंद केला. सीमा मॅडम म्हनल्या, आकडा उतरंस्तवर."

फोन ठेवल्यावर सोजरबाई अंधार पडेपर्यंत उंबऱ्यावर बसून राही. नातीचा हात कोमट पाण्यात धरलेला असताना बोटं कशी सुरकुततात, ते तिला आठवे. तिला पोर हवी होती. बाकी कशाचीच आस आता उरली नव्हती. एके दिवशी तिनं दुकानातून पावशेर साबुदाणा आणला, पाण्यात शिजवला, गूळ घातला, वेलदोडा कुटून घातला. गुठळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी आधी भिजवला, मग मंद आचेवर ठेवला. तिसऱ्या वेळेला दाणा काचेसारखा झाला आणि पातेलं उघडताच खिरीचा वास आला, दुधाचा थेंब नसताना. ती एकटीच खाऊन बघे आणि उरलेली शेजारच्या पोरांना देई. देतानाही 'खा' म्हणत नसे, नुसती वाटी पुढे करी.

इकडे सुजाता बापाबरोबर कामावर जाऊ लागली. केडगावला एका घराचं काम चाललं होतं. बाप शिडीवर, पोर खाली गोणपाटावर पावडरीची बाटली घेऊन. दुपारी घरमालकीण बिस्किटाचा पुडा घेऊन आली की पोरच आधी सांगे, "मला चालत न्हाई." हे म्हणताना ती पुड्याकडे बघत नसे. निम्म्या भातानं तिचं पोट भरत नव्हतं, आणि नुसता उकडलेला साबुदाणा ती दोन घासांपुढे खात नसे. चार वाजता ती भिंतीला टेकून पोटावर हात ठेवून झोपे. नागसेन शिडीवरून ते बघे आणि रोलर उगाच त्याच त्या जागी फिरवत राही.

पुन्हा रविवार आला. कार्ड गेलं. आजी घरात नव्हती, भात निम्मा, बटाटा बंद. गौतमीनं त्या आठवड्यात दहा वेळा फोन उघडून बघितला. आकडा आला सात पॉइंट सहा.

ती कंपनीच्या बाथरूममध्ये जाऊन बसली. लाईनीवरून माणूस काढलं होतं, तरी बॅच नापासच. घरी येऊन तिनं सगळे डबे उपसले. शेंगदाण्याचा डबा शेजारी देऊन टाकला. मग नवऱ्याकडे वळली.

"केडगावला बिस्कीट देता का तिला?"

"शपथ घे म्हन, घेतो. एक तुकडा न्हाई."

"मग कशानं?" ती खाली बसली. "आईबी न्हाई आता. मग कशानं, सांगा ना!"

दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली. सोजरबाईला उगाच घालवलं.

गौतमीनं सीमा मॅडमना फोन लावला. रडत सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रविवारी रक्त घेताना मला व्हिडिओ कॉल करा. मला बघू दे."

त्या रविवारी गौतमीनं लाईनीवरच्या स्नेहलला गळ घालून सुट्टी बदलून घेतली. फोन पाण्याच्या हंड्याला टेकवून उभा केला. तिनं सुजाताला मांडीवर घेतलं, पण तिच्या मांडीवर पोर आजीसारखी विसावली नाही, ताठ बसली. नागसेननं हात धुतले. मॅडमसमोर म्हणून आज नवा शर्ट घातला होता. त्यानं बोट टोचलं, पहिल्या गोलात थेंब सोडला, दुसऱ्या गोलात सोडला. मग कार्ड लांब धरून बघितलं, मान वाकडी केली, बोट दाबलं आणि पहिल्या गोलावर पुन्हा एक थेंब. दुसऱ्यावरही.

"थांबा, थांबा," फोनमधून आवाज आला. "आता काय केलंत?"

"दुसरा हात दिला मॅडम."

"दुसरा हात म्हणजे?"

"पयला फिका दिसतो. कडंला पांढरं ऱ्हातं. म्हनून वरनं आनखी एक," नागसेन समजावून सांगू लागला, "भिंतीलाबी एका हातात काय दिसत न्हाई. दोन तर लागत्यातच."

मॅडमनी विचारलं, "नेहमी असंच करता?"

"व्हय. चैत्रापासनं मीच घेतोय."

"अहो दादा, मशीन त्या गोलातून एवढासा तुकडा कापून घेतं. त्या तुकड्यात एका थेंबाचं रक्त आहे असं धरून ते मोजतं. तुम्ही दोन-तीन थेंब चढवले की तेवढ्याच तुकड्यात रक्त जास्त. आकडा वाढणारच. आता उरलेले तीन गोल भरा. एकेकच थेंब. फिका दिसला तर दिसू दे."

नागसेननं उरलेले तीन गोल भरले. फिके, कडा वाकड्यातिकड्या. बोट पुन्हा दाबायला पुढे झालेला हात त्यानं मागे घेतला. मॅडमनी कुठले गोल कसे भरलेत ते कार्डाच्या पाकिटावर लिहून पाठवायला सांगितलं, आणि गौतमीनं ते लिहिलं.

सहाव्या दिवशी आकडे आले. एकच कार्ड, एकच बोट, एकच सकाळ. गडद गोलांचा सात पॉइंट पाच. फिक्या गोलांचा पाच पॉइंट एक.

नागसेन मोरीत जाऊन तोंड धूत राहिला. बऱ्याच वेळानं बाहेर आला. "माझ्यामुळं पोर महिनाभर अर्धपोटी ऱ्हायली. आन् मामी..."

"तुम्ही निस्ता थेंब टाकला," गौतमी म्हणाली. "तोंडानं तर मी बोलले."

गुरुवारी तिघं एकाच गाडीवर न्हावऱ्याला निघाली. गौतमीच्या पिशवीत पावडरीची बाटली आणि वजनाचा लहान काटा, जो ती कुठंही गेली तरी बरोबर घेई. आभाळ भरून आलं होतं पण पाऊस नव्हता. घराला कुलूप. शेजारणीनं चाळीकडे बोट केलं.

बाया कांद्याच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. सुजाता गाडीवरून उतरून धावत सुटली. सोजरबाईनं तिला येताना बघितलं. तिनं कांद्याचे हात पाठीमागं लपवले.

"हात घान हायत गं, शिवू नको मला." पण पोर गळ्यात पडली होती. सोजरबाईनं हात तसेच मागं ठेवून नुसती मान तिच्या मानेवर टेकवली आणि नाकानं श्वास ओढून घेतला. उंदराचा वास नव्हता. साबणाचा होता, घामाचा होता.

गौतमी समोर येऊन उभी राहिली. बाया बघत होत्या. घरी गेल्यावर बोलू, असं ती वाटेत ठरवून आली होती, पण आईचे ते मागं लपवलेले हात बघून तिथंच मातीत बसली.

"आई, चूक आमची व्हती. सुजूनं काय खाल्लं नव्हतं. रक्त घ्यायची रीत चुकत व्हती."

"माझ्याकडनं चुकत व्हती मामी," नागसेन मागून म्हणाला. "एकावर एक थेंब देत गेलो."

सोजरबाईला थेंबांचं काही कळलं नाही. तिनं एकच विचारलं, "मंजी वासानं न्हाई चढलं?"

गौतमीला आधी समजलंच नाही. मग समजलं. महिनाभर ही बाई हाच प्रश्न घेऊन सडके कांदे दाबत बसली होती. "न्हाई गं आई. वासानं कुठं चढतंय? वासानं कायच व्हत न्हाई."

"मला वाटलं, धरली तिच्या नाकाशी जास्ती येळ."

"आई, मी दादाचं बोलले ते..."

"ते ऱ्हाऊ दे." सोजरबाईनं ढिगाकडे बघितलं. "ते खोटं न्हाई. माझ्याच हातानं भरवलं त्याला. ते कुठल्या कागदावर टाकून पुना मोजायचं? ऱ्हाऊ दे."

"तुला कुठं ठावं व्हतं?"

"ठावं नव्हतं. पन भूक तर त्याचीच व्हती ना गं, आन् खा म्हननारी मीच." एवढं बोलून ती उठायला लागली. गौतमीनं तिला हाताला धरून उठवलं, कांद्याच्या त्याच हाताला, आणि घरापर्यंत सोडला नाही.

घरी सोजरबाईनं तीनदा हात धुतले. मग फडताळातून झाकलेलं पातेलं काढलं. खीर सकाळचीच होती. तिनं ती वाटीत वाढली आणि वाटी गौतमीपुढे सरकवली. "साबुदाना, पानी, गूळ आन् येलदोडा. दूध न्हाई. यादीत बसतं का बघ. वजन कर आदी."

गौतमीनं पिशवीतून काटा काढला. हातात धरला. मग तसाच परत पिशवीत ठेवला.

"साबुदान्याला मोजाय लागत न्हाई आई."

सोजरबाईनं वाटी पोरीपुढे ठेवली. सुजाता मांडी घालून बसली. तिनं वाटी दोन्ही हातांनी उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. खोल वास घेतला, छाती भरेपर्यंत. मग, पुनवेला आजीनं 'पुरं' म्हटलं होतं ते आठवून, वाटी खाली ठेवून आजीकडे ढकलली. पोरीला वाटलं, वास मिळाला, झालं आपलं.

सोजरबाईनं वाटी परत तिच्याकडे सरकवली. नागसेन दारात, गौतमी भिंतीशी. सोजरबाईनं चमचा उचलला, भरला, पोरीच्या तोंडाशी नेला. थोडं गूळपाणी सुजाताच्या हनुवटीवर सांडलं.

"आईला इचारू?" सुजातानं विचारलं.

"नगं," सोजरबाई म्हणाली. मग तिनं पदरानं पोरीची हनुवटी पुसली. "खा, माझ्या राजा. खा."